अर्ध्यावर थांबलेली करवत

सुनेला या सगळ्यातून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे कुणीतरी तिच्यावर थोर असल्याचा आळ घ्यायचा. मिळणार होतं ते एवढंच, की सासरे उठून बसतील आणि चार घास खातील. बदल्यात जाणार होती एक नणंद... रोज फोन करणारी, भावापेक्षा वहिनीशी जास्त बोलणारी, वहिनीच्या हातचा चहा प्यायल्याशिवाय सासरच्या तक्रारींना तोंड न फोडणारी! व्यवहार धडधडीत तोट्याचा होता. पण सून चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारी बाई. कुठली काच किती घासली तर तडकेल आणि कुठली तग धरेल, हे ओळखण्यावरच तिचं पोट होतं. तिनं घरातल्या दोन्ही काचा, सासरे आणि नणंद, उजेडाकडे धरून पाहिल्या आणि ठरवून टाकलं.

खाली टेम्पो थांबल्याचा आवाज आला, तेव्हा ती मधल्या खोलीच्या दारात झाडू घेऊन उभी होती. आत सासूबाईंचं जेवणाचं मोठं टेबल भिंतीला टेकवून ठेवलं होतं... दोन तुकड्यांत! चारही पाय कापून कोपऱ्यात रचलेले, आणि फरशीभर लाकडाच्या भुशाचा असा थर, की चपलेचा ठसा उमटावा.

"वहिनी! दोर आणलाय, गाद्यासुद्धा आणल्यात. एक ओरखडा येऊ देणार नाही मी आईच्या टेबलाला!" जिन्यातूनच नणंदेचा आवाज आला. नणंद शाळेत पर्यवेक्षिका; तिचा आवाज नेहमी तिच्याआधी घरात यायचा.

ती दारात आली. तिच्या मागे हमालही आले. तिची नजर टेबलावर गेली.

"हे... हे कुणी केलं?"

सुनेनं झाडू भिंतीला टेकवला. 

"मी करायला लावलं," ती म्हणाली. "बाबांच्या खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ मांडायला पट हवा होता. हे टेबल पडूनच होतं."

"पडून होतं? आईनं जाताना माझा हात धरून सांगितलं होतं, टेबल लेकीचं म्हणून! तू उशाशी उभी होतीस वहिनी! तू ऐकलंयस!"

"ऐकलं होतं. विसरले."

खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस खोटं बोलतं ते असं, एकदम आखूड. पण नणंदेला तो आखूडपणा उद्दामपणा वाटला. ती काय काय बोलली ते सगळं इथं लिहिण्यात अर्थ नाही; आईविना झालेली लेक बोलते तेच ती बोलली. म्हाताऱ्याच्या खेळण्याचं कौतुक करून घर घशात घालायचा डाव आहे म्हणाली. भाऊ तर बायकोच्या ताटाखालचं मांजर झालाय म्हणाली. शेवटी रडत रडत खाली गेली, आणि टेम्पो नुसत्या गाद्या घेऊन जसा आला तसा परत गेला.

त्याआधी, ती उतरत असताना सुनेनं जिन्यात तिला गाठलंच. "वन्सं, माझ्यावर काय वाट्टेल तो राग धरा. पण बाबांसमोर टेबलाचं नाव काढू नका. डॉक्टर काय म्हणाले ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"बाबांना मी कशाला दुखवीन? मला कळतं कुणाशी बोलायचं नाही ते!" आणि त्या दिवसापासून नणंद वहिनीशी बोलायची थांबली.

खरं काय घडलं होतं?

सासरे रेल्वेच्या सिग्नल केबिनमधले. रुळांचे सांधे बदलण्यात सगळं आयुष्य गेलेलं. लोखंडी दांडा ओढून ओढून उजवा खांदा डाव्याहून रुंद झालेला. सासूबाई गेल्या आणि हा रुंद माणूस एकाएकी घडी घातल्यासारखा झाला. त्याच टेबलाशी समोरासमोर बसून दोघं जेवायची. समोरची खुर्ची रिकामी झाली तसं यांचं ताटही भरलेलंच परत जाऊ लागलं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि वर म्हणाले, यांना कशात तरी गुंतवा. कशात? म्हाताऱ्यानं आयुष्यात पत्ते हातात धरले नव्हते, देवळाची पायरी चढली नव्हती, शेजाऱ्यांच्या चौकशा केल्या नव्हत्या.

एका संध्याकाळी सुनेनं दुकानातून चष्म्याच्या घरांची रिकामी खोकी आणली आणि ती टाकून द्यायची राहून गेली. सकाळी पाहते तो काय, खोक्यांचं एक छोटं स्टेशन झालेलं! फलाट, छप्पर, तिकिटाची खिडकी... आणि बाजूला केबिन, तिचा जिना काड्यापेटीच्या काड्यांचा. सासरे तिच्याकडे चोरासारखे बघत होते.

"बाबा, याला रूळ नकोत?" तिनं एवढंच विचारलं.

मधल्या खोलीची खिडकी उत्तरेची. त्या स्थिर उजेडात स्वतःचं काचा घासायचं यंत्र मांडायचं, मालकाची बोलणी सोडून घरचं काम सुरू करायचं, असं सून लग्नापासून म्हणत आली होती. त्या दिवशी ती म्हणाली, "मधली खोली तुमची." नवरा जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "अगं, आणि तुझं यंत्र?" तर म्हणाली, "यंत्राला मन नसतं. ते थांबतं."

हिला सासऱ्यांचा एवढा पुळका का? याचं उत्तर तिनं कुणाला दिलं नव्हतं, पण ते होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी ती तापानं महिनाभर अंथरुणाला खिळली होती. माहेरी कुणी उरलेलं नव्हतं. सासूबाईंच्या पाठीमागे घरचा रगाडा, नवरा कामावर. तेव्हा हा माणूस रात्रपाळी करून यायचा आणि झोपायचं सोडून तिच्या उशाशी बसायचा. गोष्टी सांगता येत नव्हत्या बिचाऱ्याला! म्हणून आपल्या मार्गावरची स्टेशनं ओळीनं सांगत राहायचा, कुठे गाडी थांबते, कुठे पाणी घेते, कुठे नुसती शिट्टी वाजवून जाते... अर्धवट ग्लानीत तिला वाटायचं, आपण खरंच कुठेतरी सुखरूप चाललो आहोत. त्या उपकाराची जाणीव तिच्या अंतःकरणात निरांजनासारखी तेवत होती, आणि मधल्या खोलीची किंमत तिला त्यापुढे फारशी वाटली नाही.

पण गाडीचा पट काही जमेना. प्लायवूड दमट हवेत फुगायचं, रूळ मध्येच उंट झाल्यासारखे वर यायचे आणि इंजिन कलंडायचं. सासरे पुन्हा गप्प होऊ लागले. "जुनं, मुरलेलं लाकूड पाहिजे," म्हणायचे, "जे आता हलणार नाही असं." आणि एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांची नजर टेबलाकडे गेली. बायकोशिवायचं टेबल त्यांना नाहीतरी बघवत नव्हतं. पुढेमागे दारातून न्यायला बरं म्हणून पट दोन भागांचा हवा, हा अशा खेळण्यातल्या गाड्या मांडणाऱ्यांचा नियमच. तेव्हा त्यांनी सुताराकडून करवत मागून आणली आणि टेबल मधोमध कापायला घेतलं.

करवत बरोबर अर्ध्यावर आली, आणि त्यांना आठवलं.

बायकोचा श्वास, लेकीचा तिच्या हातात धरलेला हात, आणि ते शब्द... सगळं आठवलं! हात थांबला. पण अर्धं कापलेलं टेबल घेऊन माणसानं करायचं काय? ना लेकीला देता येतं, ना लपवता येतं. उरलेलं अर्धं त्यांनी कसं कापलं ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

संध्याकाळी सून घरी आली तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "पोरीला तोंड कसं दाखवू?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. जेवले नाहीत. सकाळी चहासुद्धा घेतला नाही. आणि नऊ वाजता नणंदेचा फोन: नवीन घर लावून झालं, टेबल न्यायला टेम्पो घेऊन निघालेय!

सुनेनं नवऱ्याला बाजूला घेतलं. "बाबांना खेळण्यातल्या रुळांच्या दुकानात न्या. दुपारपर्यंत आणू नका."

"आणि ताईसाहेबांना काय सांगणार?" तो आपल्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून ताईसाहेबच म्हणायचा, तिच्या आवाजामुळे.

"मीच केलं म्हणून सांगणार."

"वेड लागलंय? ती तुला फाडून खाईल!"

"खाऊ देत. वहिनीवर रुसलेली नणंद आज ना उद्या परत येते. वडिलांवर रुसलेली लेक... आणि त्यात आई गेलेली... ती रोज रडेल हो, आणि इकडे बाबा जेवायचे थांबतील. माझ्यावरचा राग सगळ्यांनाच सोसवेल."

दुपारी सासरे परतले ते जीव मुठीत धरून. सुनेनं त्यांच्यापुढे ताट ठेवलं आणि दुसरं खोटं बोलली. हे मात्र आखूड नव्हतं.

"वन्सं येऊन गेल्या, बाबा. सगळं सांगितलं मी. थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, आईचं टेबल बाबांच्याच कामी आलं, याहून चांगलं काय व्हायचं? फक्त त्यांच्यापाशी हा विषय काढू नका. डोळे भरून येतात त्यांचे."

सासऱ्यांनी ताटाकडे पाहिलं. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले... आणि हुंदके देत देत जेवले!

त्यानंतरचं वर्ष मोठं मजेचं गेलं म्हणायचं. म्हणजे बघणाऱ्याला मजेचं. नणंद बापाला रोज फोन करी आणि जीव ओवाळून टाकी, सासरे फोन ठेवून सुनेला सांगत, "बघ, माझी पोरगी! एका शब्दानं टोचून बोलली नाही. आईवर गेलीये!" सून मान डोलवून "तर काय!" म्हणे आणि इंजिनाच्या पोटातला स्क्रू चष्म्याच्या पेचकसानं फिरवत राही. टेबलाच्या भुशाला हिरवा रंग देऊन त्यांनी गवत केलं, आंघोळीच्या जुन्या स्पंजांची झाडं केली. डोंगर केला, त्यातून बोगदा काढला. तो अरुंद झाला, कारण वळणावर लांब डब्याची शेपटी बाहेर फेकली जाते हे सासरे म्हणत होते आणि सून ऐकत नव्हती. मग डोंगर पुन्हा फोडला. सासरे हसले. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदाच हसले, आणि सून भिंतीआड जाऊन डोळे पुसून आली.

पण संध्याकाळी फोन वाजला की तिचा हात आपोआप पुढे व्हायचा, आणि मग आठवायचं, आपल्यासाठी नसतो तो. तेवढं मात्र तिला जड गेलं.

पट पुरा झाला. सासऱ्यांनी फोनवर हट्ट धरला, "पहिली गाडी तूच सोडायचीस, चिमणे. कामं बाजूला ठेव." वर्षभर शाळेचं निमित्त सांगून टाळणारी चिमणी आता पकडली गेली. आली. वहिनीनं पुढे केलेला चहा तिनं टेबलावर... टेबल कुठलं, खिडकीत ठेवला आणि तो तिथेच निवू दिला. दादाशी, म्हणजे सुनेच्या नवऱ्याशी, "बरा आहेस?" एवढंच बोलली.

मग सासऱ्यांनी गाडी चालवायची कळ तिच्या हातात दिली. इंजिन निघालं. फलाट सोडला, बोगद्यातून बाहेर पडलं, उतारावरून आलं... आणि पटाच्या दोन भागांच्या सांध्यावर ठेचाळून आडवं झालं. मागचे डबे एकमेकांवर चढले.

नणंदेनं कळ खाली ठेवली. वहिनीकडे रोखून पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाली, "असंच होतं. एकदा चांगली वस्तू कापली, की मग कितीही जोडा... कापणाऱ्याला त्याचं काय!"

नेम वहिनीवर होता. लागला भलत्यालाच.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. ते हळूच खुर्चीवर टेकले.

"खरं आहे, पोरी," ते म्हणाले. "वर्षभर तू गिळलंस. आज बोललीस, बरं झालं. माझा तो अधिकारच नव्हता. करवत अर्ध्यावर आली तेव्हा आठवलं मला, तुझ्या आईनं ते तुला दिलंय... पण हात आधीच चालून गेला होता. पुढचं अर्धं मी डोळे मिटून कापलं. वाटलं, संपलं, लेक या घराचा उंबरा चढणार नाही. आणि तू..." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "तू मला माफ केलंस! रोज फोन केलास! मी आज जिवंत आहे ना, तो तुझ्या त्या एका वाक्यामुळे. हात जोडतो गं तुला..."

 दादा छताकडे पाहू लागला, जणू तिथे काहीतरी महत्त्वाचं लिहिलेलं होतं. सुनेनं घाईघाईनं आडवा डबा उचलला आणि त्याची चाकं पुसायला लागली. स्वच्छच होती ती.

"कोणतं वाक्य, बाबा?" नणंदेनं विचारलं. तिचा तो शाळेतला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"तेच, सूनबाईनं सांगितलेलं. आईचं टेबल बाबांच्याच कामी आलं, याहून चांगलं काय."

नणंदेनं वहिनीकडे पाहिलं. वहिनीनं चाकं पुसता पुसता मान अगदी किंचित, दिसेल न दिसेल अशी हलवली: नको, सांगू नका!

 त्या एका क्षणात नणंदेच्या मनात काय काय कोसळलं असेल! जिन्यातले आपले शब्द, घर घशात घालण्याचा तो आरोप, खिडकीत निवलेला चहा... सगळं एकदम अंगावर आलं असेल. तोंड उघडून खरं सांगितलं असतं तर ती मोकळी झाली असती. आणि म्हातारा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला असता.

"हो, बाबा," ती म्हणाली. "म्हणाले होते मी तसं."

आणि म्हणता म्हणता, ज्याची माफी तिच्या नावावर वर्षभर जमा होती, ती तिनं त्या क्षणी खरोखरच दिली. वडिलांचे जोडलेले हात खाली घेतले, ओंजळीत धरले आणि त्यावर डोकं टेकलं.

"चला, चला," दादा घसा खाकरून म्हणाला, "गाडीचा सांधा कुणी बघणार आहे की नाही?"

पट खालून थोडा उचलायला हवा होता. सून पटाखाली शिरली. तिच्या पाठोपाठ, हातात टॉर्च घेऊन, कडक इस्त्रीच्या कपड्यांतली पर्यवेक्षिकाही रांगत शिरली! खाली वायरींचं जंगल, वर लाकूड, आणि त्या अरुंद जागेत दोघींची तोंडं समोरासमोर.

"वहिनी..." तिनं टॉर्च खाली धरला. "का गं? का एवढं ऐकून घेतलंस माझं?"

"वन्सं, उजेड इकडे धरा. दिसत नाही."

"मी तुला काय काय बोलले... डाव म्हणाले..."

"आणखीही बरंच काही म्हणालात. तुमच्या दादांना मांजर म्हणालात. त्याचं मात्र त्यांना अजून वाईट वाटतं."

नणंदेला हसू आलं आणि त्याच हसण्याचा हुंदका झाला. तिनं वहिनीच्या गळ्यात हात टाकला. टॉर्च पडला, गडगडत गेला. वहिनीच्याही डोळ्यांतून आता धारा लागल्या. वर्षभर कोरडे ठेवलेले डोळे ते, त्यांना थांबवायला कुणी शिकवलं नव्हतं. "रोज फोन वाजायचा हो वन्सं," ती कशीबशी म्हणाली, "आणि मी नुसती ऐकत उभी..."

"बोल ना, चार शिव्या दे मला!"

"देईन. आधी ही पट्टी सरकवू द्या."

वरून सासऱ्यांचा आवाज आला, "अगं, उचलताय की गप्पा मारताय? जरा वर! अजून केसभर!"

दुकानातून आणलेली चष्म्याच्या काचेइतकी पातळ पट्टी सुनेनं लाकडाच्या खाली सरकवली. दोघींनी मिळून खांदा लावला. पट वर आला.

"बस्स! बस्स!" सासरे ओरडले. "हलू नका, सोडतोय!"

आणि त्या दोघी एकमेकींना धरून खाली बसलेल्या असताना वरून गाडी आली. सांध्यावर चाकांनी टक असा एक बारीक आवाज केला आणि ती निघून गेली. सासरे लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते.

चहा पुन्हा झाला. नणंदेनं दोन कप प्यायले. रात्री मुक्काम केला.

आता कुणी काय दिलं ते बघू. टेबल गेलं, ते सासूबाईंचं होतं. त्यांना कुणी विचारलं नाही. दादानं बहिणीचा टोमणा वर्षभर पचवला. त्याला पचनाचा त्रास कधीच नव्हता. सुनेनं वर्षभराचा वाईटपणा घेतला, आणि त्याची भरपाई पटाखाली बसून एका दुपारी वसूल केली. सासऱ्यांच्या वाट्याला फक्त कृतज्ञता आली, आणि त्या माणसानं तिच्यात हात आखडता घेतला नाही. अजूनही लेक भेटली की, फोनवर आली की, ते एकदा तरी म्हणतातच, "तू मला माफ केलंस गं, तुझे उपकार..." लेक कानांच्या पाळ्या तापेपर्यंत निमूट ऐकते, "असू दे, बाबा" म्हणते, आणि फोन खाली ठेवायच्या आधी म्हणते, "आता वहिनीला द्या."

वहिनी फोन घेते. "बोला, वन्सं."

"आजचे आभार आलेत माझ्याकडे," नणंद म्हणते. "चुकून. तुझे आहेत, घे."

बाकी सगळ्यांचं देऊन झालंय. नणंद एकटीच अजून फेडते आहे, आणि थांबायला तयार नाही.